गोदोचे पैसे कोणी दिले?

‘वेटिंग फॉर गोदो’ या नाटकात इस्त्रागॉन नावाच्या भणंगाची पँट दोरीने बांधलेली असते. नाटक संपता संपता त्याला आणि त्याच्या सोबत्याला गळफास लावून घ्यायची लहर येते. झाड आहे, दोर नाही. मग तो कमरेची दोरी सोडतो आणि पँट सरकन घोट्यांपर्यंत खाली येते. पॅरिसमधल्या अगदी पहिल्या प्रयोगांत पिएर लातूर या नटाला हे जमेना. जमेना म्हणजे पटेना. इतक्या गंभीर क्षणी लोक हसले तर? तो पँट अर्ध्यावरच धरून ठेवायचा. प्रयोग बघून आलेल्या आपल्या जोडीदार सुझानला नाटककार सॅम्युएल बेकेटने विचारलं, पँट नीट पडते ना? ती म्हणाली, कुठली पडते! ९ जानेवारी १९५३ रोजी बेकेटने दिग्दर्शकाला पत्र धाडलं. पँट पूर्ण पडली पाहिजे, कारण शोकांतिकेइतकं हास्यास्पद दुसरं काही नसतं आणि ते शेवटपर्यंत, विशेषतः शेवटी, दिसायला हवं, असा त्याचा मथितार्थ.

कॉलेजात आम्ही हे नाटक केलं तेव्हा मी विंगेत प्रॉम्प्टर होतो. आमच्याकडेही हाच वाद झाला. नाडी सोडतो, पण पायजमा पडू देणार नाही, असं आमच्या नटाचं म्हणणं. दुसऱ्या रांगेत त्याची मावशी बसली होती.

बेकेटने ते पत्र ज्याला लिहिलं तो रोजे ब्लँ. ‘गोदो’चा पहिला दिग्दर्शक, त्याच प्रयोगात पोझोची भूमिका करणारा नट, फ्रेंच सिनेमात चार-दोन मिनिटांच्या भूमिकांत दिसणारा एक उंच, किडकिडीत चेहरा. त्याची आठवण आत्ता यायचं कारण आपल्याकडचा एक जुना वाद. एखादं नाटक कुणाला झोंबलं की व्हॉट्सअ‍ॅपवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: सरकारी अनुदान खायचं आणि वर आम्हालाच शिव्या घालायच्या? प्रश्न विचारणाऱ्याला वाटतं की याला उत्तरच नाही. माझ्या मते उत्तर आहे. अनुदान घ्यावं, आणि नाटकात शिव्या असतील तर त्या द्याव्यातही. मात्र या उत्तरासाठी आपण नेहमी जी ‘कलावंताचं स्वातंत्र्य’ नावाची ढाल पुढे करतो ती फार तकलादू आहे. ब्लँची सगळी कारकीर्द त्याहून भक्कम कारण पुरवते, आणि ते कारण पैशाचं आहे.

ब्लँ १९०७ साली पॅरिसला लागून असलेल्या न्यूयी गावात डॉक्टरच्या घरी जन्मला. बोलताना अडखळायचा. अशा मुलाने नट व्हायचं ठरवावं हाच एक विनोद, पण भूमिकेत शिरला की जीभ मोकळी व्हायची. १९३०च्या दशकात तो आंतोनँ आर्तो या बंडखोर रंगकर्मीच्या वर्तुळात आला. १९३५ साली आर्तोने ‘ले चेंची’ हे नाटक उभं केलं, त्यात ब्लँ साहाय्यक होता आणि एका मुक्या मारेकऱ्याचं कामही करत होता. प्रयोग झाले सतरा. आर्तोचं दिवाळं निघालं. नवं नाटक करणाऱ्याच्या खिशाचं पुढे काय होतं, याचा पहिला धडा ब्लँला इथे मिळाला असणार.

पुढची कित्येक वर्षं पोट भरलं ते सिनेमाने. नायक तो कधीच नव्हता. क्लूझोच्या १९४३च्या ‘ल कोर्बो’मध्ये तो इस्पितळातला तेरा नंबरचा रोगी आहे. तुझा कॅन्सर बरा होणारा नाही, असं एक निनावी पत्र त्याला कळवतं आणि तो वस्तऱ्याने गळा चिरून घेतो. पडद्यावर तो किती वेळ दिसतो? फारच थोडा. पण पुढचा सगळा सिनेमा त्या खाटेभोवती फिरतो. कोक्तोच्या ‘ऑर्फे’मध्येही तो आहे, कार्नेच्या ‘ले व्हिझितर द्यु स्वार’मध्येही. आपल्याकडे अशा नटांना ‘चरित्र अभिनेता’ म्हणतात आणि शब्द संपला की विषयही संपतो. दिवसा शूटिंगमध्ये चार वाक्यं बोलायची आणि संध्याकाळी रिकाम्या थिएटरात स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्ग बसवायचा, हे गणित मराठी नटांना समजावून सांगायला नको. सकाळी मालिकेच्या सेटवर काकांची भूमिका, रात्री प्रायोगिकची तालीम. कुठल्याही मंत्रालयाच्या अंदाजपत्रकात ही तरतूद दाखवलेली नसते, पण नव्या रंगभूमीला मिळालेलं पहिलं अनुदान नेहमी हेच असतं. नट स्वतःच्या पोटाला चिमटा काढून ते देतो.

स्ट्रिंडबर्ग म्हणजे ‘घोस्ट सोनाटा’. १९४९ साली ब्लँने तो पॅरिसच्या गेते-मोंपार्नास थिएटरात बसवला. प्रेक्षक नव्हते म्हटलं तरी चालेल. आलेल्या थोडक्यांत बेकेट होता. त्याला हा दिग्दर्शक आवडला, आणि थिएटर रिकामं होतं हेही त्याला मानवलं असं सांगतात. मग सुझान दोन संहिता घेऊन ब्लँकडे गेली. एका नाटकात सतरा पात्रं, दुभागलेला रंगमंच, भरपूर सामान. दुसऱ्यात चार भणंग, एक पोरगा आणि एक झाड. ब्लँने दुसरं निवडलं. का? तो कडका होता. चार भणंग आपापल्याच कपड्यांत उभे राहतील, एक दिवा आणि एक फांदी मिळाली की झालं, असा त्याचा साधा हिशेब. विसाव्या शतकातलं सगळ्यात गाजलेलं नाटक निर्मितीखर्च बघून निवडलं गेलं, ही गोष्ट मला फार आवडते. नाट्यशास्त्राच्या वर्गात मात्र ती कुणी सांगत नाही.

पण चार भणंगांनाही थिएटर लागतं, तालमीला जागा लागते, पोस्टरं लागतात. वर्षं गेली. थिएटरवाले नाही म्हणत राहिले. अखेर पैसे आले ते सरकारकडून. फ्रान्समध्ये तेव्हा नवोदित नाटककाराच्या पहिल्या नाटकाला मदत करणारी एक सरकारी योजना होती. समितीत नाटकवाले होते. त्यांतल्या जॉर्ज नवो या नाटककाराने ‘गोदो’ वाचलं आणि ते उचलून धरलं. रक्कम फार मोठी नव्हती. तिच्या आधारावर ज्याँ-मारी सेरोने आपलं बाबिलोन थिएटर दिलं. बुलेव्हार रास्पायवर, जेमतेम सव्वादोनशे खुर्च्या, मालक स्वतःच कर्जात. झाड केलं होतं कपडे अडकवायच्या तारेच्या हँगरांवर क्रेप कागद गुंडाळून. पोझो लठ्ठ हवा आणि ब्लँ तर काडी, म्हणून पोटावर उशी बांधली. लकीचं काम करणाऱ्या ज्याँ मार्तँने डॉक्टरला विचारून कंपवाताच्या रोग्याची थरथर उचलली. ५ जानेवारी १९५३ रोजी नाटक रीतसर सुरू झालं. अल्पावधीत अवघं पॅरिस त्यावर भांडू लागलं आणि सोळा वर्षांनी लेखकाला नोबेल मिळालं.

त्या समितीने काय ओळखलं होतं? बेकेट मोठा लेखक आहे हे तर नक्कीच नाही. सेहेचाळीस वर्षांचा एक आयरिश माणूस, परक्या भाषेत लिहिणारा, नाटककार म्हणून नाव शून्य. ज्यात काहीच घडत नाही अशी संहिता. बाजाराने तीन-चार वर्षं तिला नकार दिला होता, आणि बाजार चुकला असंही मी म्हणणार नाही. निर्मात्याने घर गहाण टाकून अशा कागदांवर पैसे का लावावेत? त्या पैशाचं काम एवढंच होतं की काही कुणाच्या भरवशाचं नसताना एक प्रयोग उभा राहावा. त्याबदल्यात कौतुक मागितलं नाही, राष्ट्राचा गौरव मागितला नाही. ज्या पैशाला आभार हवे असतात तो पैसा फक्त ओळखीच्या वस्तू विकत घेतो, कारण अनोळखी वस्तू आभार मानेल की नाही याची खात्री नसते. माझा सगळा मुद्दा इथे आहे.

(जाता जाता: ‘एंडगेम’ बेकेटने ब्लँलाच अर्पण केलं. पण १९५७ साली त्याचा पहिला प्रयोग, फ्रेंच भाषेत, ब्लँच्या दिग्दर्शनात, ब्लँ हॅमच्या भूमिकेत, लंडनला झाला. पॅरिसमध्ये वेळेवर थिएटर मिळालं नाही. ‘गोदो’ गाजून चार वर्षं झाली होती!)

आता आभाराचा दुसरा अंक. १९५४पासून अल्जीरियात, म्हणजे फ्रान्सच्या ताब्यातल्या मुलखात, फ्रेंचांविरुद्ध स्वातंत्र्याचं युद्ध चालू होतं. सप्टेंबर १९६०मध्ये एकशे एकवीस लेखक-कलावंतांनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या: अल्जीरियन जनतेविरुद्ध शस्त्र उचलायला नकार देणाऱ्या तरुणांची भूमिका आम्हाला न्याय्य वाटते. सह्यांत ब्लँ होता, लकी झालेला ज्याँ मार्तँही होता. सरकारने सही करणाऱ्यांना सरकारी रेडिओ, टीव्ही आणि अनुदानित रंगभूमी बंद केली. ज्यांचं पोट अशाच छोट्या कामांवर चालायचं त्यांना हा फटका कसा बसला असेल याची कल्पना करा. मोठा लेखक रॉयल्टीवर जगतो, चार वाक्यांचा नट उद्याच्या रेकॉर्डिंगवर. मार्तँचं पुढे काय झालं तेही पाहा. ‘बॅटल ऑफ अल्जीअर्स’ या सिनेमात फ्रेंच पॅराट्रूपर कर्नलचं काम त्याला मिळालं. अल्जीरियाच्या बाजूने सही केली म्हणून कामं गेलेला नट पडद्यावर अल्जीरिया चिरडणारा कर्नल झाला, आणि इतकं थंड, इतकं समंजस काम केलं की बघताना अंगावर काटा येतो.

बंदी टिकली नाही. १९६३मध्ये ब्लँने बसवलेलं बेकेटचं ‘ओ ले बो जूर’ मादलेन रनो या नटीला कमरेपर्यंत मातीत पुरून थेट ओदेऑंमध्ये, म्हणजे सरकारच्याच नाट्यगृहात उभं राहिलं. आणि एप्रिल १९६६मध्ये तिथेच आलं नाटककार ज्याँ जनेचं ‘ले पाराव्हाँ’. म्हणजे ‘पडदे’. युद्ध संपून चारच वर्षं झालेली.

जने आणि ब्लँचं जुनं होतं. १९५९ साली ‘ले नेग्र’ ब्लँने बसवलं ते ‘ले ग्रियो’ या आफ्रिकी आणि कॅरिबियन नटांच्या संचाला घेऊन. गोऱ्या प्रेक्षकांसाठी लिहिलेलं, सगळे नट काळे. पण ‘ले पाराव्हाँ’ची गोष्ट वेगळी. जवळजवळ शंभर पात्रं, तासन् तास चालणारा प्रयोग, सरकते पडदे, त्यांवर नटांनी रंगवलेल्या आगी. मारिया काझारेस, मादलेन रनो, आणि सईदच्या भूमिकेत मोरोक्कोत जन्मलेला आमिदू. ओदेऑंचा संचालक ज्याँ-लुई बारो स्वतःही भूमिकेत. वादाचं मूळ एका प्रवेशात होतं. फ्रेंच लेफ्टनंट परमुलखात मरतोय आणि त्याला शेवटच्या क्षणी मायदेशाची हवा मिळावी म्हणून त्याचे सैनिक एकेक करून पादतात.

वाचताना तुम्ही हसलात की चिडलात, हे तुमचा मुलगा कुठे नोकरीला आहे त्यावर अवलंबून आहे. पॅरिसमध्ये आधी काही दिवस शांततेत गेले, मग माजी सैनिक आणि कडव्या उजव्या संघटनांची पोरं आली. बाल्कनीतून बाटल्या, खुर्च्या, धुराचे बॉम्ब. लोखंडी पडदा खाली यायचा, पोलीस यायचे, पडदा वर जायचा, नट थांबले होते तिथून पुढे चालू करायचे. ब्लँने प्रवेश गाळला नाही.

हल्लेखोरांचं सोडून देऊ. बाटली फेकणाऱ्याशी वाद काय घालणार. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संसदेत जो मुद्दा आला तो बाटलीएवढा हलका नाही. क्रिस्तियाँ बोने या खासदाराने ओदेऑंच्या अनुदानाला कात्री लावायची दुरुस्ती मांडली. मुद्दा साधा: जनेला काय हवं ते लिहू द्या, पण करदात्याच्या पैशावर नको. अल्जीरियात मुलगा गमावलेल्या आईने त्या पादण्याचे पैसे का भरावेत?

हा प्रश्न मी उडवून लावणार नाही. ती आई खरी होती, अशा हजारो होत्या. तिला नाटकाला न जाण्याचा हक्क आहे, दाराशी फलक घेऊन उभं राहण्याचा आहे, आत जाऊन शिट्टी मारण्याचाही आहे. पण कर म्हणजे तिकीट नव्हे. तिकीट घेतलं तर आपण आपल्या आवडीचं बघतो. कर भरताना आपण अशा हजार गोष्टींचे पैसे देतो ज्या आपल्याला नको असतात. खुद्द ते युद्धही एकशे एकवीस सह्या करणाऱ्यांच्या करातूनच लढलं गेलं होतं, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. शिवाय त्या वेळी पॅरिसच्या कारखान्यांत राबणारे अल्जीरियन कामगारही कर भरत होते. त्यांचेही मुलगे मेले होते. ओदेऑंच्या रंगमंचावर त्यांची गोष्ट एकदा तरी यावी, यासाठी त्यांच्या पैशाचा वाटा कुठला? ज्याचं मन दुखावलं त्याने अनुदान थांबवायचं असं ठरवलं, तर ज्यांचा आवाज मोठा त्यांचीच मनं दुखावली जातात असं दिसून येईल.

बोनेला उत्तर दिलं सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरोने. स्पेनच्या गोयाने युद्धाची भीषण चित्रं काढली म्हणून तो स्पेनद्रोही ठरत नाही, तसा जनेही फ्रान्सद्रोही ठरत नाही, असं तो म्हणाला. आणि ते प्रसिद्ध वाक्य: स्वातंत्र्याचे हात नेहमीच स्वच्छ असतात असं नाही, पण नसतील तरी त्याला खिडकीतून बाहेर फेकण्याआधी दोनदा विचार करावा. दुरुस्ती मागे घेतली गेली. लेखक मालरो राष्ट्राध्यक्ष द गॉलच्या मंत्रिमंडळात बसून, त्याच लष्कराची थट्टा करणाऱ्या नाटकाची बाजू घेतो, हा प्रसंग आमच्यासारखे लोक डोळ्यांत पाणी आणून सांगतात. मीही सांगितलाय.

पण थोडं थांबून पाहिलं की त्यातली खोट दिसते. मालरोचा बचाव थोरपणावर उभा आहे. जने गोयाच्या पंक्तीतला म्हणून वाचला. जो गोया नाही त्याचं काय? पहिलं, कच्चं, अर्धंमुर्धं फसलेलं नाटक लिहिणाऱ्या पोराने कुणाच्या पंक्तीला बसायचं? नवोने ‘गोदो’ वाचलं तेव्हा बेकेट तरी कुठे गोया होता? दुसरी खोट जास्त गंभीर. नाटक बचावलं ते एका मंत्र्याच्या मनात होतं म्हणून. मे १९६८मध्ये विद्यार्थ्यांनी ओदेऑंचा ताबा घेतला, बारो त्यांच्याशी पुरेसा कठोर वागला नाही असं सरकारला वाटलं, आणि त्याच मालरोने त्याच बारोला संचालकपदावरून दूर केलं. दोन वर्षांपूर्वीचं भाषण तेव्हा कामी आलं नाही.

म्हणून मला मालरोच्या भाषणापेक्षा त्या नाव विसरलेल्या समितीचं महत्त्व जास्त वाटतं. नाटक करणाऱ्यांनी संहिता वाचावी, आधी निर्णय घ्यावा, पैसे द्यावेत आणि बाजूला व्हावं. प्रयोग सुरू झाल्यावर कुणी चिडलं म्हणून तो पैसा परत मागता येऊ नये, पुढच्या वर्षीच्या यादीतून नाव गुपचूप गळू नये, आणि काही वाटा फक्त पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी बाजूला ठेवलेला असावा. अशा समित्याही चुकतात, आपापली माणसं पुढे करतात, हे मला माहीत आहे. मीही नाटकवालाच आहे, आमची जात मी ओळखतो. पण समितीची चूक दहा नाटकांपुरती असते. मंत्र्याची मर्जी फिरली तर नाट्यगृहच फिरतं.

आपल्याकडे राज्य सरकार व्यावसायिक नाटकांना प्रयोगामागे अनुदान देतं आणि हौशी मंडळींसाठी राज्य नाट्य स्पर्धा भरवतं. स्पर्धेने महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून नट दिले, हे कोण नाकारेल? मात्र तेच सरकार दुसऱ्या हाताने संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरकडे, मागवतं. एक हात देतो, दुसरा आधी वाचून बघतो. १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’ याच मंडळाशी अडलं, आणि दिग्दर्शक कमलाकर सारंग, तेही नटच, हायकोर्टात जाऊन जिंकले. सारंगांचं ‘बाइंडरचे दिवस’ वाचलेल्यांना त्या कोर्टवाऱ्या ठाऊक आहेत. निकालाने एक नाटक सुटलं. मंडळ तिथेच राहिलं, आणि हिरवा कंदील मिळेपर्यंत तालमीतच ‘हे वाक्य जाईल बहुतेक’ म्हणून लेखक स्वतःच पेन्सिल फिरवतो, ही सवयही राहिली.

ब्लँला या दिव्यातून जावं लागलं नव्हतं. दंगल झाली, संसदेत ताशेरे झाले, पण ‘ले पाराव्हाँ’ आधी वाचून त्यातलं पादणं काढा म्हणणारा कारकून फ्रान्समध्ये नव्हता. तिथली नाट्यसेन्सॉरशिप गेली १९०६ साली, आणि ती गेली कशी तर स्वातंत्र्यावर मोठा ठराव होऊन नव्हे. खासदारांनी अंदाजपत्रकातून सेन्सॉरांच्या पगाराची रक्कम काढून टाकली. पगार बंद झाल्यावर सेन्सॉर कामाला येईनासे झाले.